रंग तसाच ठेवा

फाल्गुनात आमच्या डंकावर बोलणं बंद असतं.
खुणेनंच चालतं सगळं:
दोन बोटं म्हणजे दोन किलो,
तळहात पालथा म्हणजे फार बारीक नको,
आणि नाकावर पदर
म्हणजे गिऱ्हाईक नवं आहे.
शनिवार पेठेचा बोळ, सासऱ्यांच्या वेळची मोटर,
जैनूभाईंच्या भुवयांवर बारा महिने तांबूस धूळ.

यंदा पेपरात आलं:
देशातल्या पन्नास नामवंत हॉटेलांत
बंगळुरूचं ते हॉटेल सतरावं.
आमची चटणी जाते तिथं,
दर दोन महिन्यांनी चाळीस किलो, तीन पदरी पिशव्या,
ट्रान्सपोर्टच्या पावतीवर माझी सही.
बातमीत सगळे होते.
शेफ होता. ताटं घडवणारा मुरादाबादचा कारागीर होता.
उजेड किती असावा हे ठरवणारी एक बाई होती.
मी जैनूभाईंना वाचून दाखवलं.
चाळण आपटत ते म्हणाले,
"मिरचीला कुठं नाव असतंय वैनी,
तिला ठसका असतोय."

होळीनंतर तो शेफच आला.
कार्तिकेयन नाव. मनगटापासून कोपरापर्यंत
भाजल्याच्या जुन्या खुणा.
त्या बघून जरा बरं वाटलं.
वहीत लिहून घेत होता: खोबरं किती, तीळ किती,
कांदा उन्हात किती दिवस.
त्याचं पेन सारखं अडायचं,
कारण प्रत्येक उत्तराच्या शेवटी मी म्हणायचे, "बघून."
मग शिंकला. एकदा, सहादा,
भिंतीला धरून, डोळ्यांतून धारा.
रांगेतल्या बायकांनी डबे खाली ठेवले
आणि हसू पदरात धरलं.
कुणीतरी गुळाचा खडा दिला.

दुपारी त्याला सासन्यांच्या खाणावळीत नेलं.
सहा बाकडी, भिंतीवर पैलवान,
हात धुवायला बाहेर नळ.
तिथं वाढपी विचारत नाही.
तांबडा संपला की तांबडा, पांढरा संपला की पांढरा,
वाटीवर हात ठेवला तर बोटांच्या फटीतून.
कार्तिकेयन म्हणाला, आमच्याकडे हा पांढरा
काचेच्या इवल्या पेल्यात देतो,
जेवणाआधी, एक घोट.
मी ते मराठीत करून सासन्यांना सांगितलं.
ते बराच वेळ गप्प.
मग गल्ल्यावरून:
"आणि दुसरा घोट मागितला तर?"

हे मी त्याला विचारलं नाही.
पाहुणा होता, घाम पुसत होता,
आणि चौथ्यांदा वाटी
त्यानं स्वतःहून पुढं केली होती.

गेल्या गुरुवारी फोन आला. आवाज मऊ.
लोकांना फार आवडतं म्हणाला, फार,
पण परदेशी पाहुणे असतात, लहान मुलं असतात.
तिखट निम्म्यावर आणता येईल?
रंग मात्र तसाच ठेवा.

येईल की. धंदा आहे.
ब्याडगी वाढवायची, संकेश्वरी काढायची.
चाळीस किलो तसंच कांडलं,
कुंकवासारखं लाल आणि गरीब.
जैनूभाईंनी चिमूट जिभेवर ठेवली,
काही बोलले नाहीत.
चूळसुद्धा भरली नाही.

शेवटच्या पिशवीचं तोंड शिवताना
हात थांबला.
मूठभर संकेश्वरी खलबत्त्यात कुटली,
वर नाही टाकली,
कोपरापर्यंत हात घालून तळाशी सारली.
चाळीस किलोत मूठ म्हणजे काय,
काहीच नाही.
पण तिथं, त्या मोजून लावलेल्या उजेडात,
कुठल्या तरी रात्री, कुठल्या तरी टेबलावर
एका माणसानं चमचा खाली ठेवावा,
डोळे पुसावेत,
आणि वाढप्याकडं बघून
तो इवला पेला
पुढं करावा.